गाडी घेताना टर्बो डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन घ्यावं की साधं पोर्ट इंजेक्शनचं?

दोन्ही पेट्रोल इंजिनंच (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), पण पेट्रोल कुठे फवारतात त्यावर सगळा खेळ आहे. पोर्टवाल्यात साधारण ३-४ बार प्रेशरने ते इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या, मागे पडतं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. डायरेक्टमध्ये २०० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रेशरने थेट सिलेंडरमध्ये जातं, म्हणून व्हॉल्व्ह कोरडेच राहतात आणि ऑइलच्या वाफेने त्यांच्यावर डांबरासारखा काळा कडक थर चढत जातो, मग सकाळी थंड स्टार्टला गाडी थरथरते, मिसफायर होतो, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. पिकअप मात्र टर्बोचाच भारी, १५००-२००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भरपूर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद मिळते, साध्याला रेव्ह करावं, म्हणजे जास्त फिरवावं लागतं. ऑइल बदलायला उशीर झाला तर टर्बोचं बेअरिंग आधी मार खातं. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर मी पोर्टवालंच घेईन.