चैत्रातली भटकंती: महाबळेश्वर की दिवेआगर?

एप्रिलमधल्या शनिवार-रविवारी पुण्यातून गाडी काढायची तर आमच्या घरात दोनच पक्ष: पसरणी घाटाने महाबळेश्वर, नाहीतर ताम्हिणीतून दिवेआगर. अडचण एकच, वळीव.

महाबळेश्वर जवळ, साधारण 120 किलोमीटर. उंची 1,300 मीटरच्या वर, त्यामुळे रात्री चादर लागते. पण तापलेली जमीन आणि समुद्राकडून आलेलं बाष्प यांचं दुपारी तीननंतर चांगलंच जमतं, आणि बघता बघता आभाळ काळं होतं. गेल्या वर्षी वाईत कडक ऊन होतं. पसरणीच्या वळणांवर बोराएवढ्या गारा बॉनेटवर ताशा वाजवू लागल्या. वायपरचं रबर उन्हाने कडक झालेलं, काचेवर नुसता चिखल फिरला. पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि ऑइल मिळून साबण होतो, ते वेगळंच. सकाळी सहाला निघा, नाश्ता वाईत करा, जेवणाच्या आत घाट संपवा.

दिवेआगरला किनाऱ्यावर अशा गडगडाटाची धास्ती कमी. पण घाम! दुपारी बाराला वाळूवर अनवाणी उभं राहून दाखवा. ताम्हिणीत मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच डाउनलोड करा. बदल्यात उकडीचे मोदक, सुरूचं बन आणि परतताना डिकीत हापूसची पेटी.

माझं मत? आजी-आजोबा सोबत असतील तर महाबळेश्वर, फक्त संध्याकाळी गाडी हलवायची नाही. दोघंच असलो तर दिवेआगर. बायकोचं मत मात्र हापूसच्या भावावर ठरतं.