तोडफोड न करता लीकेज बंद, म्हणे!

जुन्या सोसायट्यांच्या टपालपेट्यांत एक गुळगुळीत पत्रक पडतं. ‘बाथरूमची गळती? तोडफोड नाही, धूळ नाही. शॉवर ट्रे बसवा, १० वर्षं निश्चिंत राहा.’ नाव आणि फोन नंबर बदलत असतील, मजकूर हाच. मुलुंड, भांडुप, ठाण्यात कुणाच्या हातात असं पत्रक पडलं असेल तर पुढचं जरूर वाचा.

आमची बिल्डिंग १९८०च्या दशकातली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती, रंगाचे पापुद्रे सुटत होते. अशी ओल आपल्या बाथरूममुळे असेल तर दुरुस्ती आपल्याच खर्चाने करायची, सोसायटी त्यात पैसे घालत नाही, हे सेक्रेटरींनी आधीच सांगितलं होतं. शिवाय सासऱ्यांना मोरीचा कट्टा ओलांडताना त्रास व्हायचा, त्यामुळे बुटक्या काठाचा, पाय न घसरणारा ट्रे म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पत्रकावर फोन लावला.

माणूस बोलायला गोड. ‘ताई, काळजीच नको.’ खिशातून ओल मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि भिंतीला टेकवलं. टीं टीं टीं. दुसऱ्या भिंतीला, पुन्हा टीं टीं. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी नुकत्या आटोपल्या होत्या. त्या बाथरूममध्ये ते यंत्र वाजलं नसतं तरच नवल! पण ते वाजताना घरच्यांचे चेहरे उतरतात, आणि त्याचा धंदा तिथेच पक्का होतो.

भाव ठरला ४८,००० रुपये. बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर. ‘कशाला सरकारला द्यायचे, आपलं घरचंच काम.’ ३०,००० आगाऊ. ते यूपीआयने गेले, कुठल्या कंपनीच्या नाही तर एका बाईच्या खात्यात.

सकाळी दोन पोरं आली आणि दुपारच्या चहाच्या आत ट्रे बसलासुद्धा. पांढराशुभ्र, कडेने सिलिकॉनची देखणी रेघ. एक बादली ओतून दाखवली, पाणी सुर्रकन गेलं. ‘बघा, एक थेंब तरी बाहेर आला का?’ उरलेले पैसे घेतले, चकचकीत गॅरंटी कार्ड हातात ठेवलं, नमस्कार.

त्या दिवशी जिन्यातून डेब्रिजची एकच गोणी खाली गेली, तीही अर्धी. वॉटरप्रूफिंग म्हणजे जुन्या लाद्या आणि त्यांच्याखालचा कोबा (सिमेंटचा जाड थर) काढून स्लॅबपर्यंत जाणं. त्यात एवढ्याशा बाथरूममधूनही गोण्यांवर गोण्या निघतात, वॉचमन कटकट करतो, जिना पांढरा होतो. गोणी जात नसेल तर काम वरवरचं चाललंय, एवढं खुशाल समजा.

मुळात शॉवर ट्रे ही एक उथळ परात आहे. अंगावरचं पाणी गोळा करून भोकातून खाली सोडायचं, एवढंच तिचं काम. ती खालच्या स्लॅबला वॉटरप्रूफ करत नाही. पाणी झिरपतं ते भिंत आणि ट्रेच्या सांध्यातून, टाइल्समधल्या ग्राउटमधून (नेहमीचं सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाही, ते फक्त फट भरतं) आणि सगळ्यात जास्त ट्रेचा पाइप जिथे नहाणी ट्रॅपला (मोरीचं पाणी खाली नेणाऱ्या जाळीच्या भांड्याला) मिळतो तिथून. हे सगळं ट्रेखाली किंवा ट्रेमागे. आधी लादीवर साचलेलं पाणी निदान दिसायचं तरी. ट्रे बसला की तेही झाकलं जातं.

या लोकांची खरी हुशारी वेळेत आहे. आमचं काम मे महिन्यात झालं. सुकलेलं छत बघून काकूही खूश. जूनमध्ये पाऊस लागला आणि ओल पुन्हा आली. फोन केला तर उत्तर तयार: ‘ताई, ही पावसाची ओल. बाहेरच्या भिंतीतून येते. सोसायटीला सांगा.’ मुंबईच्या पावसात हे कुणालाही पटतं. सोसायटी म्हणते तुमचं बाथरूम, हा म्हणतो सोसायटीची भिंत, आणि या वादात गणपती येऊन जातात. गळणारं पाणी आपल्या घरात दिसतच नाही, ते दुसऱ्याच्या छताला दिसतं. त्यामुळे आपण रोज आंघोळ करतो आणि भांडण मात्र काकूंशी होतं. आमच्याकडे तर दिवाळीच्या फराळाचं ताटसुद्धा खाली गेलं नाही. वीस वर्षांच्या शेजारात हे पहिल्यांदाच.

ऑक्टोबरची हीट सुरू झाली, बाहेरच्या भिंती खडखडीत वाळल्या, तरी काकूंचं छत ओलंच. तेव्हा त्याने नवा माल काढला. खालून छताला भोकं पाडून केमिकलचं इंजेक्शन, फक्त १५,०००. ते काकूंच्या मुलाने दिले. आठवडाभर थेंब थांबला, मग हातभर अंतरावरून टपकायला लागला. वाट बुजवली की पाणी दुसरी वाट शोधतं. ते वरून बंद करायचं असतं, खालून नाही. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

गळती पावसाची की बाथरूमची हे ओळखायला यंत्र लागत नाही. रात्री घराचा मुख्य कॉक बंद करून ठेवा. नळ बंद असतानाही खाली थेंब पडतच राहिला तर ड्रेनेजचा किंवा साचलेल्या पाण्याचा संशय. कॉक उघडल्यावर, कुणी आंघोळ न करताही वाढला तर प्रेशरची पाइपलाइन. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढला तर ट्रे, ट्रॅप किंवा लादी. आणखी खात्री हवी तर पाण्यात खायचा रंग कालवून ट्रेमध्ये ओता. आमचा लाल रंग दुसऱ्या दिवशी काकूंच्या छताला गुलाबी डाग होऊन उतरला. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली ‘हा तुमचाच’ असं लिहिलं. बऱ्याच महिन्यांनी आम्ही दोघी हसलो.

मग ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी ट्रेवर मूठ आपटली. ढब्ब. ‘वहिनी, आत पोकळ आहे.’ ट्रे उचलला तेव्हा जो वास आला तो सांगण्यासारखा नाही. खाली जुन्या लाद्या जशाच्या तशा. त्यांच्यावर चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे आणि टाइल्सचे तुकडे, त्यांवर ट्रे नुसता टेकवलेला. ॲक्रिलिकच्या ट्रेला खाली सगळीकडे मालाचा (सिमेंट-वाळूचा) आधार लागतो, नाहीतर माणूस उभा राहिला की तो वाकतो आणि कडेचं सिलिकॉन सुटतं. आमचं सुटलेलंच होतं. ट्रेचा लवचिक पाइप जुन्या नहाणी ट्रॅपच्या जाळीत नुसता खुपसलेला. ना जोड, ना सील. शॉवर जोरात चालला की ट्रॅप भरायचा, पाणी ट्रेखाली पसरायचं आणि तिथेच मुरायचं. वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचा एक ब्रशही तिथे फिरला नव्हता. नावाजलेल्या कंपनीचा डबा मात्र त्या दिवशी दारात मुद्दाम ठेवलेला सगळ्यांनी पाहिला होता.

मिस्त्रींनी केलं ते थोडक्यात असं. सगळं स्लॅबपर्यंत उघडलं, तेही छिन्नी-हातोड्याने. जुन्या स्लॅबवर ब्रेकर मशीन चालवायला त्यांनी साफ नकार दिला. भेगा भरल्या. भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटची गोल वाटा (कोपऱ्याला गोलाई) मारली, कारण काटकोनात कोट आधी तडकतो. मग केमिकलचे दोन कोट, एक आडवा, एक उभा, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. ट्रॅपचं तोंड बुजवून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली आणि दोन दिवस बाथरूमला कुलूप. आम्ही शेजारी आंघोळीला. खाली काकू टॉर्च घेऊन छत बघत होत्या. छत कोरडं राहिलं तेव्हाच कोबा, त्याला ट्रॅपकडे उतार, आणि शेवटी ट्रे, मालाच्या पूर्ण थरावर. ट्रेची उभी कड भिंतीच्या टाइल्सच्या मागे गेली, म्हणजे टाइलवरून ओघळणारं पाणी ट्रेमध्येच पडतं. सिलिकॉन सगळ्यात शेवटी. ते म्हणाले, ‘हे शोभेला. याच्या भरवशावर राहायचं नाही.’

तेव्हा कुणी ट्रे बसवतो म्हणाला तर त्याला एकच सांगा: ट्रेच्या आधी पाणी भरून ठेवायचं, आणि मोठा हप्ता खालचं छत बघितल्यावर. बादली ओतून दाखवणं म्हणजे चाचणी नव्हे. बादलीभर पाणी जातं ते भोकातून, झिरपायला त्याला वेळच मिळत नाही. प्रत्येक थराचे फोटो स्वतः काढा.

ते गॅरंटी कार्ड मी नंतर भिंग घेऊन वाचलं. ती १० वर्षं ट्रे बनवणाऱ्या कंपनीची होती, तीही ट्रेला तडा गेला किंवा रंग उडाला तर. बसवण्यातल्या चुका आणि गळती यांचा त्यात संबंधच नव्हता. बसवणाऱ्याचं नाव, सही, पत्ता काहीच नाही. खरी गॅरंटी त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवर, कामाचं वर्णन आणि ‘गळती झाल्यास स्वखर्चाने दुरुस्ती’ या शब्दांसकट लागते, सोबत जीएसटीचं बिल. ते वाचवलेले १८ टक्के म्हणजे त्याने आपल्या हातातला पुरावा काढून घेतलेला असतो.

बिल नसलं तरी सगळं संपत नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे ‘होऊन जाईल ताई’, पत्रक, उघडल्यावरचे फोटो, मिस्त्रींचं लेखी म्हणणं, हे सगळं चालतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. उघडलेला ट्रे आणि तो पाइप भंगारवाल्याला देऊन टाकू नका. आमचे अजून गॅलरीत आहेत, कपडे वाळत घालताना पायात येतात.

ट्रे बसवणाऱ्याला आम्ही नोटीस पाठवल्यावर त्याचं लेखी उत्तर आलं. ट्रेला आजही तडा गेलेला नाही, त्यामुळे गॅरंटीचा भंग झालेला नाही, असं त्याचं म्हणणं. ते उत्तर आम्ही तक्रारीला जोडलंय.