माझीच माती मला विकली

गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, कारण पावसाळ्याच्या तोंडावर जुनी माती उचलून नेऊन तयार माती विकणारी माणसं सोसायट्यांमधून फिरायला लागतात.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे पुण्यात कुंड्या भरून देणारा एक जण आला. मातीत बोट खुपसून म्हणाला, "ताई, माती मेलीय ही. कस संपलाय. फुकट उचलून नेतो, तुम्ही तयार मिक्स घ्या." माती घट्ट झाली होती, कुंड्यांच्या कडेला पांढरे क्षार दिसत होते, मला पटलं. सहा वर्षं घरचा ओला कचरा जिरवून केलेली माती मी स्वतःच्या हातांनी पोत्यांत भरून दिली. दहा दिवसांनी 20 किलोच्या 12 पिशव्या आल्या, 350 रुपयांना एक. 4,200 रुपये रोख दिले. बिल मागितलं नाही.

पिशव्या ओल्या आणि जड होत्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेलं मिक्स हलकं लागतं हे माहीत असूनही मी एकसुद्धा उघडून पाहिली नाही.

ऑगस्टमध्ये माती ओली असूनही टोमॅटो भर दुपारी माना टाकायला लागले. एक रोप उपटलं, तर मुळांवर आल्याच्या तुकड्यांसारख्या वेड्यावाकड्या गाठी. सूत्रकृमी! मातीतून मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे. सहा वर्षांत माझ्या कुंड्यांत हे कधी दिसलं नव्हतं. कुंडी पालथी केली आणि मातीतून एक पांढरी पट्टी निघाली. आइस्क्रीमच्या डब्याची कापलेली, वर माझ्या अक्षरात 'काटेरी वांगी'. ती हातात धरून मी तिथेच खाली बसले. म्हणजे घरोघरची माती गोळा करायची, एकत्र कालवायची, वर कोकोपीट भुरभुरवायचं आणि विकायची. एका घरचा रोग दहा घरी.

फोन केला. "माती ती माती, ताई," एवढं बोलून त्याने ठेवला, नंतर उचललाच नाही. बिल नाही, पिशवीवर नाव नाही, मग ग्राहक आयोगात काय दाखवणार?

जुनी माती मेलेली नसते हो! मुळं काढून चाळा, उन्हात पसरा. तीन घमेली मातीला एक घमेलं शेणखत किंवा गांडूळखत, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. क्षार धरले असतील तर वरचा थर खरवडून काढा आणि कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या. विकत घ्यायचीच तर विकणाऱ्यासमोर पिशवी फोडून तळापर्यंत हात घाला. जुनी मुळं लागली की तिथेच परत करा. आणि बिल घ्याच.

त्या बारा पिशव्यांची माती मी सूत्रकृमी मरावेत म्हणून एप्रिलपासून ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली ठेवलीय, कडा विटांनी दाबून. चार ते सहा आठवडे कडक ऊन लागतं. काळं प्लॅस्टिक वापरू नका, ते स्वतःच तापतं, माती तेवढी तापत नाही. यंदा तिच्यात टोमॅटो, वांगी, भेंडी काहीच नाही, फक्त झेंडू लावणार आहे.