लॅबचा कचरा नेणारी गाडी : चार स्टार, एक कापला

कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबचं स्टोअर मी बघतो. क्लोरोफॉर्म-डीसीएमचे (डायक्लोरोमिथेन) कॅन वेगळे, ॲसिटोन-मिथेनॉलचे वेगळे, क्रोमिक ॲसिडची बरणी एका बाजूला. कचरा नेणाऱ्या एजन्सीचं हे पहिलंच वर्ष.

आलेला पोरगा पक्का निघाला. एका कॅनवर नुसतं ‘वेस्ट’ लिहिलेलं बघून त्यानं हातच लावला नाही. आत काय, किती, कधीपासून, सगळं लिहायला लावलं. राग आला, पण बरोबरच होतं त्याचं. नायट्रिक ॲसिडच्या बाटलीत कुणी ॲसिटोन ओतलं तर काय होतं, ते मी एकदा बघितलंय; फ्यूम हूडची (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच अजून डागाळलेली आहे. इथरची जुनी बाटली तर त्यानं हलवूही दिली नाही, आत पेरॉक्साइड धरलं असेल, धक्क्यानं स्फोट होईल म्हणून.

फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारा कागद, जागेवर भरून दिलं. माल रांजणगावला, घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात जातो म्हणाला.

स्टार कापला तो तारखेसाठी. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमानं ९० दिवसांवर साठवायचं नाही, आणि ह्यांनी ‘गाडी भरली की येतो’ म्हणत दोनदा पुढं ढकललं. शेवटी शेजारच्या कॉलेजचे कॅन एकत्र केले, मग आले. दर वजनावर आहे, काटा तुमचाच वापरा.