दहा महिने, सात पुस्तकं: यूएसएमएलई स्टेप १ साठी खरंच काय कामी आलं

यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठीची परवाना परीक्षा, आणि स्टेप १ हा तिचा पहिला टप्पा. त्याची तयारी सुरू केली तेव्हा टेबलावर सात पुस्तकं होती. दहा महिन्यांनी परीक्षा देऊन पास झाले, तोवर त्यातली तीनच वापरून वापरून मऊ पडली होती. उरलेल्या चारांपैकी दोघांची मधली पानं उघडलीही गेली नव्हती. हे लिहायचं कारण म्हणजे, त्या चार पुस्तकांवर पैशांपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला आणि तो वाचवता आला असता.

पुस्तकं मी ठरवली ती पास झालेल्या सीनिअर्सना विचारून. प्रत्येकाने आपापली यादी दिली आणि मी सगळ्या याद्या एकत्र केल्या. इथेच चुकलं. यादी देणाऱ्याला त्याचे कच्चे विषय माहीत असतात, माझे नाही. शिवाय बऱ्याच याद्या जुन्या होत्या. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. त्याआधी तीन आकडी स्कोअर मिळायचा आणि एकेका मार्कासाठी लोक जाडजूड पुस्तकं पालथी घालायचे. तेव्हाचा सल्ला तेव्हा बरोबरच होता, पण आज तो जसाच्या तसा उचलला तर गरजेपेक्षा जास्त वाचन गळ्यात पडतं. नापास होणंही परवडणारं नाही, कारण प्रत्येक स्टेपला आयुष्यात चारच प्रयत्न मिळतात. म्हणून कमी पुस्तकं, पण पक्की, हेच धोरण हवं.

आता जी तीन टिकली त्यांच्याबद्दल. पहिलं ‘फर्स्ट एड’. हे सगळ्यांकडे असतं आणि बहुतेक जण याच्यापासूनच सुरुवात करतात. मीही केली आणि पहिले सहा आठवडे वाया घालवले. पुस्तक उत्तम आहे, पण ते उजळणीचं आहे. एकेका ओळीत अख्ख्या धड्याचा अर्क असतो. विषय आधी समजलेला असेल तर ती ओळ वाचताच सगळा धडा डोळ्यांसमोर येतो. समजलेला नसेल तर नुसते शब्द पाठ होतात. माझे झाले.

एक उदाहरण सांगते. क्यूबँकमध्ये, म्हणजे सरावाच्या प्रश्नांच्या ऑनलाइन संचात, असा प्रश्न आला होता (आकडे मी साधे करून देतेय): मधुमेहाचा रुग्ण, दोन दिवस उलट्या, आता गुंगीत. रक्ताचा पीएच ७.०९ (म्हणजे आम्लता वाढलेली), बायकार्ब (आम्ल शमवणारा घटक, एरवी २४) १०, पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड, एरवी ४०) ३४. मी उत्तर दिलं: मेटाबॉलिक ॲसिडोसिस (चयापचयातल्या बिघाडाने रक्तात वाढलेलं आम्ल) आणि त्याचं श्वसनाने केलेलं कॉम्पेन्सेशन, म्हणजे भरपाई. पीसीओटू चाळीसच्या खाली आहे म्हणजे कॉम्पेन्सेशन झालं, असा माझा हिशेब. उत्तर चुकलं. अशा वेळी पीसीओटू किती असायला हवा ते सांगणारं विंटर्सचं सूत्र माझ्या पुस्तकात पिवळ्या रंगाने रंगवलेलं होतं, पाठही होतं: दीड गुणिले बायकार्ब, अधिक ८, दोन इकडे किंवा तिकडे. म्हणजे या रुग्णाचा पीसीओटू २१ ते २५ असायला हवा. तो ३४ आहे, म्हणजे रुग्ण हवा तेवढा श्वास घेतच नाहीये, सोबत रेस्पिरेटरी ॲसिडोसिसही (श्वास कमी पडल्याने वाढलेलं आम्ल) आहे, आणि गुंगी म्हणजे तो थकत चाललाय. सूत्र मला येत होतं, पण ते कशासाठी वापरायचं हे माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दुसरं पुस्तक उघडलं, लिंडा कॉस्टान्झो यांचं ‘बीआरएस फिजिऑलॉजी’. ते तोवर ‘छोटं आहे, नंतर बघू’ म्हणून बाजूला पडलं होतं. ॲसिड-बेसचा भाग दोन तासांत वाचून झाला. शरीर किती भरपाई करेल याचा आधी अंदाज बांधायचा, मग समोरचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा, एवढीच ती कल्पना. पण ती डोक्यात बसल्यावर सूत्रही आपोआप बसलं. बायकार्ब एकने उतरला की पीसीओटू साधारण १.३ ने उतरतो, या दुसऱ्या नियमानेही मी तोच रुग्ण तपासला. बायकार्ब २४ वरून १० वर, म्हणजे १४ ची घट, पीसीओटू साधारण १८ ने खाली, म्हणजे २२ च्या आसपास. दोन्ही वाटांनी एकाच जागी पोचले तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो. त्यानंतर किडनी आणि श्वसन हे दोन्ही धडे याच पुस्तकातून केले आणि मगच फर्स्ट एडची ती पानं पुन्हा वाचली. तीच पानं आता बोलायला लागली होती.

तिसरं ‘पॅथोमा’, पॅथॉलॉजीसाठी, म्हणजे रोगाने शरीरात काय बदलतं त्या विषयासाठी. हे डॉ. हुसैन सत्तार यांच्या व्याख्यानांसोबतचं बारीकसं पुस्तक. व्याख्यान ऐकत समासात लिहायचं, अशीच त्याची रचना आहे. नुसतं पुस्तक वाचलं तर अर्धंच मिळतं. पहिले तीन धडे, म्हणजे पेशींना होणारी इजा, इन्फ्लमेशन (दाह) आणि निओप्लेझिया (गाठी, कॅन्सर), मी तीनदा ऐकले. स्टेप १ मध्ये पॅथॉलॉजीचा वाटा जवळपास निम्मा असतो आणि हे तीन धडे पुढच्या प्रत्येक अवयवात परत भेटतात. कॉलेजात पॅथॉलॉजीचं मोठं पुस्तक नीट वाचलेलं असेल तर ते फेकू नका, अडलं की संदर्भाला काढा. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचायला घेऊ नका, या तयारीत तेवढा वेळ मिळत नाही.

बायोकेमिस्ट्रीसाठी घेतलेलं जाड पुस्तक मला लागलंच नाही. मायक्रोबायोलॉजीचं चित्रांचं पुस्तक मजेत वाचलं, पण मला चित्रांपेक्षा तक्ते लवकर लक्षात राहतात. चित्रं ज्यांच्या डोक्यात बसतात त्यांनी जरूर घ्यावं.

सातवं मात्र त्रास देऊन गेलं. ते कुणीतरी संकलित केलेलं झटपट उजळणीचं पुस्तक होतं. नाव घेत नाही. त्यातल्या एका तक्त्यात आयजीए नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजारासमोर सी३ (रक्तातलं प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) कमी असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात आयजीए नेफ्रोपॅथीत सी३ नॉर्मल असतो आणि लघवीत रक्त घसा दुखायला लागल्यापासून काही दिवसांतच दिसतं. सी३ कमी होतो तो स्ट्रेप्टोकॉकल संसर्गानंतरच्या ग्लोमेरुलोनेफ्रायटिसमध्ये (किडनीतल्या गाळण्यांचा दाह), आणि तो होतो काही आठवड्यांनी. मी तक्ता पाठ केला, दोन प्रश्न चुकले, आणि पाठ झालेलं चुकीचं पुसायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त मेहनत लागली. तेव्हापासून कुठलंही पुस्तक घेण्याआधी मी एक गोष्ट बघते: त्याच्या चुकांची दुरुस्ती कुणी जाहीर करतं का? फर्स्ट एडची दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि दुरुस्त्यांची यादी ऑनलाइन मिळते. माझी प्रत एक वर्ष जुनी होती. दोन संध्याकाळी बसून सगळ्या दुरुस्त्या पेन्सिलने उतरवून घेतल्या.

जुनी आवृत्ती चालेल का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. विषयावर अवलंबून आहे. फिजिऑलॉजी आणि ॲनाटॉमीला बिनधास्त चालेल. नेफ्रॉन (किडनीतलं गाळणीचं एकक) दहा वर्षांत बदललेला नाही. पण जिथे मार्गदर्शक सूचना येतात तिथे जपून. अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग पूर्वी ५० व्या वर्षी सुरू व्हायचं, २०२१ पासून ते ४५ वर आलं. स्तनाच्या कॅन्सरसाठी २०२४ पासून ४० व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सांगितला जातो, आधी ५० होतं. दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरचं नावसुद्धा २०२३ मध्ये बदललं. स्टेप २ सीकेला, म्हणजे रुग्णोपचारांवरच्या पुढच्या टप्प्याला, हे जास्त भोवतं, म्हणून तिथे जुन्या प्रतीवर विसंबू नये.

पुस्तकांइतकंच महत्त्वाचं म्हणजे क्यूबँक. मी यूवर्ल्ड वापरलं आणि शेवटचे पाच महिने रोज ४० प्रश्नांचा एक ब्लॉक, वेळ लावून. माझ्या वेळी परीक्षेत तासाभराचे सात ब्लॉक होते, एकूण जास्तीत जास्त २८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. लांबलचक केस वाचून दीड मिनिटात उत्तर देणं पुस्तक वाचून येत नाही. आपल्याकडे दीर्घोत्तरी लिहायची सवय असते, म्हणून हे आणखी जड जातं.

चुकलेल्या प्रश्नांची मी वही ठेवली, पण त्यात उत्तर लिहीत नसे. का चुकलं ते एका शब्दात लिहायचे. ‘माहीत नव्हतं’, ‘समजलं नव्हतं’, ‘नीट वाचलं नाही’. महिन्याभराने वही चाळली तर ‘समजलं नव्हतं’ याखाली किडनी आणि इम्युनॉलॉजीच भरून होतं. ‘माहीत नव्हतं’ याखाली औषधं आणि जंतू. पहिल्या प्रकाराला शिकवणारं पुस्तक लागतं, दुसऱ्याला फर्स्ट एड आणि अँकी या ॲपवरची पाठांतराची कार्डं पुरतात, तिसऱ्याला कुठलंच पुस्तक उपयोगी नाही, तिथे फक्त ब्लॉक सोडवायचे. ही वही मी पहिल्या महिन्यात केली असती तर सातपैकी चार पुस्तकं घेतलीच नसती.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी यादी देत नाही. आधी ४०-४० चे पाच ब्लॉक सोडवा म्हणते, तयारी नसली तरी. मार्क कमी पडतील, पडू द्या. सोबत यूएसएमएलईच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रमाचा आराखडा बघा, तो फुकट आहे आणि कुठल्या विषयाला किती वजन ते त्यात दिलंय. हातात तीनच महिने असतील तर क्यूबँक, पॅथोमा आणि फर्स्ट एड एवढंच ठेवा, आणि जो एक विषय खरोखर समजलेला नाही त्याचं एकच छोटं पुस्तक. परीक्षेच्या काही आठवडे आधी एनबीएमईची (यूएसएमएलईमागच्या संस्थांपैकी एक) स्व-चाचणी द्या. तिच्या निकालावरून तारीख पुढे ढकलायची की नाही ते ठरवता येतं. मी पहिल्या चाचणीनंतर तीन आठवडे पुढे ढकलली आणि ते बरंच झालं.

एक छोटी गोष्ट: फर्स्ट एडचा कणा कापून मी अवयवांनुसार वेगवेगळी स्पायरल बाडं करून घेतली. एका वेळी एकच बाड हाताशी ठेवायचं, तेवढंच वाचायचं. आता स्टेप २ ची तयारी चालू आहे आणि यावेळी क्यूबँकपासूनच सुरुवात केलीय. पुस्तक अजून एकही घेतलेलं नाही. किडनीचं बाड ज्युनिअरकडे गेलंय, पेन्सिलच्या दुरुस्त्यांसकट.