घरचा डबा की आवारातले क्रेट?

ओला-सुका वेगळा करायचा, हे आता नवी मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अडतं त्याच्या पुढे. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, ओला कचरा घंटागाडीत द्यायचाच नाही, इथेच जिरवू या. सगळे माना डोलावतात आणि मग प्रश्न येतो: खत ज्याने त्याने आपल्या घरी करायचं, की सगळ्यांचं मिळून आवारात? नेरुळच्या आमच्या 64 घरांच्या सोसायटीत दोन्ही करून झालं आहे. लोकांना शिकवायचं काम बरंचसं माझ्याकडे होतं, म्हणून लिहितो.

तिसरा पर्याय यंत्राचा. आम्ही ते घेतलं नाही, त्यामुळे त्यावर फार बोलणं बरोबर नाही. ओळखीच्या एका संकुलात चालताना पाहिलं आहे. कचरा तापवून चोवीस तासांत कोरडा करणाऱ्या यंत्रातून जी पूड निघते, ती तयार खत नसते. कुंडीत घालून पाणी दिलं की ती पुन्हा कुजायला लागते, म्हणून आधी काही दिवस मुरवावीच लागते. फार मोठ्या संकुलाला जागेअभावी कदाचित तेच सोयीचं पडेल.

आम्ही सुरुवात क्रेटपासून केली, म्हणजे आवारात ठेवलेल्या मोठ्या जाळीदार खोक्यांत सगळ्यांचा ओला कचरा एकत्र कुजवायचा. तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायचा होता. आमचा प्लॉट त्याहून लहान, म्हणजे सक्ती नव्हती, हौसेनेच उतरलो. क्रेटची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. ढीग मोठा असला की तो तापतो. थंडीत सकाळी उकरला तर वाफ निघते, आत हात ठेववत नाही. त्या उष्णतेत कोळंबीची सालं, बोंबलाची डोकी, शिळा भात, सगळं जिरतं. घरच्या डब्याला ही ऊब कधीच येत नाही. शिवाय शिकावं लागतं एकाच माणसाला. आमच्या सफाईच्या काकांना आठवड्याभरात हात बसला: जितका ओला कचरा तितकाच, किंवा थोडा जास्तच पालापाचोळा, मूठ घट्ट दाबली की बोटांतून थेंब-दोन थेंब यावेत, धार लागली तर पाला वाढवायचा. दीड-दोन महिन्यांत खत तयार.

मग आम्ही ते चाळायला बसलो आणि दुधाच्या पिशवीचे कोपरे निघाले.

ज्यांनी खत केलेलं नाही त्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल. पिशवी कापताना जो नखाएवढा तुकडा हातात येतो, तो ओट्यावर पडतो, भाजीच्या देठांबरोबर पुसला जातो आणि ओल्यात जातो. बाकी सगळ्याची माती होते, हा तसाच राहतो. घरटी एक पिशवी धरली तरी दिवसाला 64 कोपरे. त्यात कोथिंबिरीच्या जुडीचे रबर, सफरचंदावरचे स्टिकर, टिकल्या. पहिल्या क्रेटमधून वाडगाभर निघाले, आणि ते वेचत कोण बसलं, तर काका. ज्यांच्या घरातून एकही कोपरा आलेला नव्हता, असा आमच्या आवारातला एकमेव माणूस.

मी तीनदा सूचना लावली. ग्रुपवर त्या वाडग्याचा फोटो टाकला, खाली हात जोडल्याच्या खुणा आल्या. पुढच्या क्रेटमध्ये पुन्हा वाडगाभर. लोक वाईट नव्हते. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की हे आपल्या घरचं नाही, आणि कोपऱ्यावर कुणाचं नाव नसतं.

घरच्या डब्यांकडे वळलो ते यामुळे. पहिल्यांदा सहा घरं तयार झाली. झाकणाच्या दोन बादल्या, बाजूंना भोकं, खाली पाणी झिरपायला ताटली, रोजच्या कचऱ्यावर मूठ-दोन मुठी कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किंवा चुरलेला पाला, आणि सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा जुनं खत विरजणासारखं. एक बादली भरली की ती मुरायला ठेवून दुसरी सुरू करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिलं खत चाळलं तेव्हा मी तिथेच होतो. चाळणीवर आठ कोपरे राहिले. "अहो, हे माझेच की! आणि मी ग्रुपवर दुसऱ्यांना सांगत होते." दुसऱ्या दिवसापासून त्या पिशवीला नुसती चीर देतात, कोपरा पिशवीलाच लटकत ठेवतात. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

माझ्यापुरता निर्णय त्या चाळणीवर झाला. कुणाचा अनुभव वेगळा असेल, तर मला तो ऐकायला आवडेल.

घरच्या डब्याचे त्रास आहेतच. मे महिन्यात आंब्याची सालं आणि कलिंगड यांनी बादली आठवड्यात भरते, आणि कोयी काही लवकर कुजत नाहीत. आमच्याकडे एकदा वरच्या ग्रिलमधलं काळं पाणी खालच्यांच्या चादरीवर ठिबकलं. ताटली तेव्हापासून सक्तीची केली. जुलैत जाड करड्या अळ्या होतात आणि बरीच घरं तिथेच सोडून देतात. त्या एका काळ्या, न चावणाऱ्या माशीच्या असतात, कचरा भराभर खातात, अपाय काही करत नाहीत. पण हे अळ्या दिसण्याआधी सांगितलेलं असावं लागतं. दिसल्यावर सांगितलं तर ती समजूत काढल्यासारखी वाटते. म्हणून मी शिकवताना महिनाभर जुनी बादली जिन्यात नेऊन उघडतो, अळ्यांसकट. लोक आधी मागे सरकतात, मग वाकून वास घेतात. ओल्या मातीचा वास आला की निम्मं काम होतं.

भाड्याने राहणारी तरुण मुलं, दोघंही रात्री उशिरा येणारी जोडपी, वाकता न येणारी म्हातारी माणसं यांच्यावर डबा लादू नये. त्यांच्यासाठी आणि मासळी, कोयी, गणपतीतल्या निर्माल्यासाठी आम्ही दोन क्रेट ठेवले आहेत. पण नव्याने सुरू करणार असाल, तर मी म्हणेन आधी पाच-सहा घरांत डबे द्या, त्यांचं एक खत चाळून होऊ द्या, क्रेट नंतर आणा. आमचा क्रम उलटा झाला आणि त्याची किंमत काकांच्या कमरेने मोजली. आता 64 पैकी 27 घरांत डबे आहेत. क्रेटमध्ये अजून कोपरे निघतात, पुष्कळ कमी. ते वेचायला दर महिन्याला दोन घरांची पाळी असते, काकांची नाही.

आणि सुरुवात पावसाळ्यात करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सेक्टरमधल्या पर्जन्यवृक्षांचा आणि बदामांचा पाला रस्त्यावर पडलेला असतो, तेव्हा पोती भरून कोरड्या जागी ठेवा. आम्हाला चार महिन्यांच्या पावसाला 15 पोती लागली.