सळईवरचं मागवा, कढईतलं सोडा

आमचा मसाला कांडपाचा धंदा आहे, जळगावातच. दिवसभर मिरची-धण्याच्या खकाण्यात बसणाऱ्या बाईला नवीन हॉटेलात गेल्यावर आधी नाकाने जेवायची सवय लागते. त्यामुळे हा रिव्ह्यू मसाल्याच्या बाजूला झुकलेला वाटेल. वाटू द्या.

आमच्याकडे चायनीज म्हणजे गाडीवरचं लालभडक मंचुरियन आणि "शेजवान जादा टाक भो". चायनीज बार्बेक्यू हा बोर्ड पाहून आमचे हे म्हणाले, तंदुरीलाच नवीन कपडे घातले असतील. आत शिरल्यावर मात्र काचेपलीकडे लांबट, अरुंद शेगडी दिसली. तिच्यात खरा लाकडी कोळसा आणि वर सळया. वास कोळशाचा आणि भाजलेल्या जिऱ्याचा. सॉसच्या बाटलीचा नाही. मी तिथेच निम्मी खूष.

पहिलं नाव मटणाच्या सळयांचं. चीनच्या वायव्येला शिंजियांग आहे. तिथल्या उइघुर लोकांचा हा पदार्थ आता सगळ्या चीनभर रस्त्याकडेला मिळतो. मेंढीच्या मटणाचे छोटे तुकडे, मधे मधे चरबीचा एखादा तुकडा, आणि वरून जिरं, लाल मिरची, मीठ. बास. सोयासॉसचा संबंध नाही. इथे मेंढीऐवजी बोकडाचं मटण वापरतात आणि ते कोवळं होतं. जिरं अर्धवट कुटलेलं, दाताखाली येईल इतपत जाड, आणि ताजं भाजलेलं. भाजून चार दिवस डब्यात ठेवलेलं जिरं मला लांबूनही कळतं, ते हे नव्हतं. मिरची रंगाला जास्त, तिखटाला कमी. मी वाढणाऱ्या मुलाला तसं म्हटलं, तर तो चोपड्याकडचा निघाला. "आक्का, तिखट पाहिजे तं सांगा ना, शेफले सांगतो, दुसरी प्लेट झणझणीत करून देतो." दिलीही. चार सळया ४२० रुपयांना. महाग आहेत, पण दुसरी प्लेट आम्ही मागवली यातच काय ते समजा.

"चार सिऊ" हा मूळ दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंगकडचा प्रकार. डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या मुरवायच्या, आकड्याला टांगून भट्टीत भाजायच्या, वरून मधाचा किंवा माल्टोजचा, म्हणजे धान्यापासूनच्या चिकट गोड पाकाचा, हात फिरवायचा. जळगावात ते चालायचं नाही, म्हणून इथे चिकन घेतात. तक्रार चिकन घेतल्याची नाही, छातीचं घेतल्याची आहे. ते मांस कोरडं, भट्टीत पार चोथा होतं. मांडीचं घेतलं असतं तर तो गोड-खारट तुकतुकीत लेप शोभला असता. मुरवणात पाच मसाल्यांची पूड व्यवस्थित लागत होती: चक्रीफूल, लवंग, दालचिनी, बडीशेप आणि सिचुआन मिरी. पाचातली पहिली चार तर आमच्या काळ्या मसाल्यातही पडतात, फक्त आम्ही सोबत दगडफूल, खोबरं, धणे घालून त्यांचा आवाज खाली आणतो. इथे चक्रीफूल एकटंच बोलत होतं. ३६० रुपये, पुन्हा मागवणार नाही.

सिचुआन मिरीवरून आठवलं. ही कोकणातल्या तिरफळाच्या नात्यातली, एकाच कुळातली. जीभ तशीच झिणझिण्या येऊन बधिर होते. दोन्हींत वापरायचं असतं ते वरचं फोलपट, आतलं काळं बी काढून टाकायचं असतं. इथल्या मशरूमच्या सळईवर ते बी तसंच भरडलेलं होतं आणि दाताखाली वाळू आल्यासारखं झालं. अर्धा तास निवडत बसणारं एक माणूस ठेवलं की हा प्रश्न मिटतो. आमच्याकडे या कामाला बाया आहेत, म्हणून सांगते.

जाऊबाई माळकरी आहेत. त्यांना आणताना माझ्या पोटात गोळा होता. पण शाकाहारी शेगडी वेगळी, चिमटे वेगळे, सळया वेगळ्या, आणि हे सगळं त्यांनी उठून काचेजवळ जाऊन स्वतः पाहून घेतलं. माळकरी मंडळींना घेऊन जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. पनीरच्या सळयांना त्यांनी "बरं शे" म्हटलं. सोबत इंडोनेशियाच्या साते नावाच्या सळयांना असतो तसा शेंगदाण्याचा सॉस येतो. तो त्यांनी भाकरी असती तर लावून खाल्ला असता. लसूण आणि लाल मिरचीत दाणे वाटून खाणाऱ्या मुलखात हा सॉस चालणारच, जरा गोड कमी करा.

आता वांगं. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे.

चीनमध्ये शेगडीवर अख्खं वांगं भाजतात, मधून फाडून उघडतात आणि आत लसूण-मिरचीचा तेलातला मसाला भरून पुन्हा विस्तवावर ठेवतात. कल्पना अशी की खान्देशी माणसाने डोळे मिटून हो म्हणावं. लसूण भरपूर, तेल बेताचं, वर कांद्याची पात. पण वांगं जांभळं! बियाळ! जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. थंडीत बामणोद-आसोद्याकडची ती हिरवट-पांढरी, हातात न मावणारी वांगी बाजारात ढिगाने येतात, कपाशीच्या काड्यांवर भाजली की लोण्यासारखी होतात, आणि यांनी कुठलं तरी बारमाही जांभळं वांगं आणलं. मी शेफला बाहेर बोलावून हे सांगितलं. मुलगा शांत होता, ऐकून घेतलं, म्हणाला की आकार सारखा लागतो, प्लेटमध्ये बसत नाही. मग प्लेट मोठी घ्या की! २२० रुपयांत जळगावात वांगं विकायचं तर ते वांगं जळगावचं हवं.

कढई-तव्याकडच्या पदार्थांवर फार शब्द घालवत नाही. मंगोलियन बार्बेक्यू नावाचा पदार्थ मुलाने हट्टाने मागवला आणि मग त्यानेच माहिती पुरवली की हा प्रकार १९५१ साली तैवानात, तैपेईत सुरू झाला, मंगोलियाचा काही संबंध नाही. शेगडीचाही नाही, सपाट तव्यावर परततात. चव गाडीवरच्या नूडल्सची, दर तिप्पट.

फ्यूजनमध्ये "खान्देशी रामेन" आहे: काळ्या मसाल्याच्या रश्शात नूडल्स, वर जाड शेव. रस्सा पहिल्या घोटाला चांगला वाटतो, पण मसाला पाकिटातला आहे, धणे जास्त आणि खोबरं भाजलेलं नाही. नूडल्स रस्सा पिऊन फुगतात आणि शेव तोवर विरघळून जाते. शेवभाजीत शेव ताटात वाढताना पडते, हे इथे कुणालाच ठाऊक नसावं. खायचाच असेल तर शेव वेगळ्या वाटीत मागा.

शेवटी कारमेलमधलं केळं. केळ्याच्या जिल्ह्यात कच्चट केळं वाढलं. पुढे चला.

चौघांचं बिल करासह २६०० च्या आसपास झालं. वाढणारी मुलं चटपटीत, पाणी न मागता भरतात. बाहेरच्या टेबलांवर धूर येतो, थंडीत तो आवडतो. मे महिन्यात शेगडीशेजारी कोण बसणार, ते मालकांनी आत्ताच बघावं. रविवारी टेबलासाठी थांबावं लागतं आणि मटणाच्या सळया साडेनऊपर्यंत संपतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून दोन प्लेट बाजूला ठेवायला सांगा, झणझणीत.